पन्नासची लेन्स 'तीच' आहे म्हणे!

सोलापुरातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पन्नास एमएम लेन्सचं डिझाइन 1896 सालचंच. कंपन्या डबा बदलून नवीन म्हणून विकतात. जुन्या काचेची सर आताच्या काचेला नाही.'

1896 खरंय. त्या वर्षी झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फने पन्नासचा मूळ आराखडा मानली जाणारी प्लॅनार ही लेन्स काढली. चार गटांत (गट म्हणजे एकटं किंवा एकत्र चिकटवलेली भिंगं) सहा भिंगं. पण ती तेव्हा फारशी चालली नाही, हे मेसेजवाला गाळतो. हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना दर पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश माघारी फिरतो. प्लॅनारमध्ये असे आठ पृष्ठभाग. म्हणजे तीसेक टक्के प्रकाश वाया, शिवाय त्यातला काही आतल्या आत आपटून फोटो धुरकट. 1902 ची टेसरही रुडॉल्फचीच. तिच्यात चारच भिंगं आणि असे सहा पृष्ठभाग, म्हणून ती धडाक्यात खपली. 1935 मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने कोटिंगचं, म्हणजे प्रकाशाचं माघारी फिरणं कमी करणाऱ्या काचेवरच्या पातळ थराचं, पेटंट घेतलं, आणि पुढे प्लॅनारच्या घराण्याला चांगले दिवस आले.

'फक्त डबा बदलतात' हे कधीकधी अगदी बरोबर. कॅननची 1990 ची स्वस्त पन्नास आणि 2015 ची एसटीएम नावाची, दोन्हींत पाच गटांत सहाच भिंगं. बदल मोटर, माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी), छिद्राची पाती, कोटिंगमध्ये.

पण निकॉनकडे बघा. त्यांच्या पन्नासच्या जुन्या 1.8 डी मॉडेलमध्ये (1.8 म्हणजे छिद्र किती मोठं उघडतं त्याचा आकडा) सहा भिंगं, 2011 च्या जीमध्ये सात (त्यात एक अॅस्फेरिकल, म्हणजे पृष्ठभाग गोलाचा भाग नसलेलं), 2018 च्या झेडमध्ये थेट बारा. गड्ड्याच्या जत्रेत रात्री होम मैदानावर लेन्स 1.8 ला पूर्ण उघडून पाळण्याचे दिवे फ्रेमच्या कोपऱ्यात घ्या. डीवर प्रत्येक बल्ब पंख पसरलेल्या पाखरासारखा फाकतो. झेडवर तो बऱ्यापैकी ठिपकाच राहतो. झेडच्या कॅमेऱ्यातून आरसा गेल्यामुळे माउंट ते सेन्सर अंतर 46.5 वरून 16 मिलिमीटरवर आलं, त्यामुळे मागची मोठी भिंगं सेन्सरजवळ बसवता आली. किंमत मोजावी लागतेच: डीच्या 155 ग्रॅमच्या जागी झेडचे 415. वरातीत रात्रभर ते गळ्यात वागवणाऱ्याने कुरकुर केली तर माझी हरकत नाही.

राहिली जुनी काच. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असायचं. ती काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. सेकंडहँड घेताना पांढऱ्या कागदावर धरून बघा. पिवळी निघालीच तर काही दिवस ऊन दाखवलं की रंग बराच उतरतो, आणि उन्हाला सोलापुरात तोटा नाही.