जुन्या स्पोर्ट्स कारला नवं इंजिन घाला, पण चेसिसला ग्राइंडर लावू नका

जुन्या गाडीत दुसरं इंजिन घातलं म्हणजे पाप केलं, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ताडपत्रीखाली गंजत पडण्यापेक्षा गाडी नव्या इंजिनावर जालना-बीड पळालेली केव्हाही बरी. माझी अट एकच, पण तिच्यावर मी हटून बसतो: उद्या मूळ इंजिन परत घालायचं ठरलं, तर ते जसंच्या तसं बसलं पाहिजे.

संभाजीनगरात माझ्या मावसभावाच्या ट्रायम्फ स्पिटफायरचं, म्हणजे एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, काम चालू आहे. ११४७ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, चार गिअर. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आपल्याकडच्या जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीच्याच घराण्यातली. येणारा प्रत्येक जण विचारतो, "नवं इंजिन किती बीएचपीचं?" अहो, जेमतेम सातशे किलोच्या गाडीला बीएचपी किती लागणार! खरी पंचाईत गिअरबॉक्सची आहे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग जुळवून घेणारी रचना, नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकला की दाते वाजतात. समृद्धीवर शंभरला इंजिन चार हजार आरपीएमच्या घरात ओरडत असतं. वर आपला मे महिना: पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसते. पाचवा गिअर आणि फ्युएल इंजेक्शन, एवढ्या दोन गोष्टींसाठीच हा खटाटोप.

म्हणून मारुती जिप्सीचं १२९८ सीसी एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनचं) इंजिन घेतलं, त्याच्याच पाच गिअरच्या बॉक्ससकट. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, म्हणजे गाडीच्या नाकावर जादा वजन नाही. चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस वेगळी असते, ती सरळ बाजूला ठेवता येते. स्विफ्टचं इंजिन सहज मिळतं म्हणून लोक त्याच्या मागे लागतात, पण ते आडवं बसतं आणि त्याचा बॉक्स पुढची चाकं फिरवणारा; स्पिटफायर तर मागच्या चाकांवर चालते.

गाडीचं काम करणाऱ्या आमच्या मेकॅनिक चाचांचं काम बघण्यासारखं असतं. माउंटिंगचा साचा आधी पुठ्ठ्याचा कापला, मग पत्र्याचा, आणि मगच लेथवर गेले. नवे ब्रॅकेट चेसिसच्या जुन्याच भोकांत बोल्टने बसवले, वेल्डिंगचा एक ठिपका नाही. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल या गाडीत चेसिसलाच बांधलेला, म्हणजे त्याचा कोन पक्का. त्याला समांतर येईस्तोवर चाचा गिअरबॉक्सखाली एकेक पातळ पत्री सारत होते. हा कोन चुकला की गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरतो आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, जातात. गिअरबॉक्सवरचं झाकण स्पिटफायरला बोल्टवरच असतं. मूळ झाकण काढून जपून ठेवलं, नवं फायबरचं बनवलं.

ब्रेक, रेडिएटर आणि डिफरन्शियलचं काम इंजिनाआधी उरका, यावर वाद नको.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मामला आणखी कडक झालाय. भावाने आरटीओत अर्ज दिलाय. उत्तर येईपर्यंत गाडी शेडबाहेर काढायची नाही असं ठरलंय. २०२१ च्या विंटेज नियमांत ५० वर्षांवरची, मूळ रूपातलीच गाडी बसते. विंटेज गाडीची 'व्हीए' अक्षरांची नंबर प्लेट कधी हवी असेल, तर मूळ इंजिन हाताशी लागणारच. आमचं इंजिन ग्रीस भरून, स्पार्क प्लगची भोकं बंद करून स्टँडवर ठेवलंय.

जालना, लातूर, नांदेडकडे कुणाकडे हेराल्डचं इंजिन किंवा गिअरबॉक्स पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी इनबॉक्समध्ये कळवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ.