टिकलं ते नेमकं काय?

नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर, मागच्या बाजूला, एक कुंभारीण आहे. लादी क्वाली. आखाजी, म्हणजे आपली खान्देशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की मला या बाईची आठवण हमखास होते.

मायकेल कार्ड्यू हा ब्रिटिश कलावंत, स्वतः मडकी घडवणारा. सरकारने त्याला कुंभारकामाचा अधिकारी म्हणून नायजेरियात नेमलं. अबुजाच्या (आजचं सुलेजा) अमीराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात लादीचे माठ पाहून तो खुळावला. १९५२ साली त्याने तिथे प्रशिक्षण केंद्र काढलं. गंमत बघा, त्या भागात मडकी घडवणं बायकांचं काम आणि केंद्रातले पहिले शिकाऊ सगळे पुरुष! लादी आली १९५४ मध्ये. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, मडक्याभोवती स्वतःच फिरत ती घडवायची. वर सरडे, विंचू कोरायची. केंद्रात त्यावर काचेसारखी झिलई चढली, भट्टी बाराशे अंशांपलीकडे गेली आणि माठ लंडनच्या प्रदर्शनात पोचले.

मला खटकतं ते इथेच. साधा भाजलेला माठ पाझरतो, तो ओलावा उडतो, म्हणून पाणी गार होतं. झिलई दिली की पाझर बंद. वस्तू देखणी झाली, पण तिच्यातलं पाणी काही गार होणार नाही. कार्ड्यूला मी दोष देत नाही, त्याच्यामुळे लादी जगाला कळली. पण वाचली ती नक्षी आणि घडवणारीचा हात. पाणवठ्यावरचा माठ मागेच राहिला.

आपल्याकडे उलटं आहे. तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने चार हजार वर्षांपूर्वीची रंगीत भांडी अभ्यासक ओळखतात, आपण मात्र त्या गावावरून गाडी हाकत जातो. नोट नाही, प्रदर्शन नाही. तरी खान्देशात कुंभाराचं चाक फिरतंय, कारण आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची असते आणि ती स्टीलची चालत नाही. आणि खापर, म्हणजे मातीचं खोलगट भांडं! हातावरच वाढवत मोठी केलेली पुरणपोळी चुलीवरच्या उपड्या खापरावर पडते, तेव्हाच ती खान्देशी. तव्यावरची पोळी खाऊन पाहा, मग वाद घालायला या. (वाद घालणारे येतीलच, धुळ्याचे आधी.)

पण गॅसवर खापर बसत नाही आणि पोळ्या आता ऑर्डरने येतात. म्हणजे गिऱ्हाईक तुटतंय ते आपल्याच स्वयंपाकघरातून. कुंभारकला वाचवा म्हणून कार्यशाळा भरवणाऱ्यांनी आधी घरात खापर आहे का ते सांगावं. दिवाणखान्यात रंगवलेला माठ ठेवणाऱ्यांना तर मी विचारतच नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे चांगलं भाजलेलं खापर कुठल्या बाजारात मिळतं, ते कमेंटमध्ये लिहा. भावही लिहा, आणि घासाघीस केली असेल तर तेही.