कपाळ सारखं, पण कुळ वेगळं

पूर्व आफ्रिकेतल्या सिक्लिड नावाच्या गटातल्या माशांचे दोन फोटो शेजारी लावून एक मजकूर फिरतोय: ‘टांगानिका आणि मलावी सरोवरांतले हे मासे सख्खे भाऊ, डीएनएनं सिद्ध!’ डीएनए सांगतो ते नेमकं उलट आहे.

फोटो खरे आहेत. टांगानिकातला सायफोटिलापिया आणि मलावीतला सिर्टोकारा, दोघांच्याही कपाळावर तसाच फुगीर उंचवटा. बघणारा फसेल, यात त्याचा दोष नाही. पण 1993 मध्ये मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतल्या) डीएनएचे क्रम ताडून पाहिले, तेव्हा मलावीतला हा कपाळवाला मलावीतल्याच इतर, अजिबात त्याच्यासारख्या न दिसणाऱ्या माशांच्या जवळचा निघाला. म्हणजे तो उंचवटा दोन्हीकडे स्वतंत्रपणे आला.

मजकुरातलं ‘एका जनुकावरून वंशावळ पक्की’ हेही चूक. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. जाती आपसांत संकरल्या असतील तर तो अर्धीच गोष्ट सांगतो. मलावीतल्या जातींच्या संपूर्ण जनुकसंचांत (पेशीतल्या सगळ्या डीएनएत) सरासरी फरक जेमतेम 0.1 ते 0.25 टक्के, आणि संकराच्या खुणा भरपूर. तिथं एकच सरळ वंशवृक्ष काढायला गेलं की फांद्या एकमेकींत गुंततात.