सहा महिन्यांनंतर काही होत नाही, असं कोण सांगतं?

‘अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी जरूर वाचा’ असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. वटपौर्णिमा जवळ आली की तो जास्तच फिरतो, कारण त्यात सावित्रीचा दाखला दिलाय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो आला, तालमीच्या ग्रुपवर आला, बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरही आला. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. अर्धांगवायूचा झटका आल्याबरोबर बोटांना सुई टोचून रक्त काढा. जी सुधारणा व्हायची ती सहा महिन्यांतच होते, पुढं व्यायामावर पैसे घालू नका. आजाऱ्याला इकडची काडी तिकडं करू देऊ नका. जोडीदारानं मनापासून सेवा केली तर माणूस उठतोच उठतो. आणि सेवा करणाऱ्यानं स्वतःचा विचार करू नये.

माझ्या बायकोच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवा हात, उजवा पाय नि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. तेव्हापासून आमचं घर या आजाराबरोबरच चाललंय. या मेसेजमुळं घराघरांत माणसांचं नुकसान होताना मला दिसतंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

सुईचं आधी उरकतो. मेंदूत अडकलेली गुठळी बोटातून बाहेर येत नाही. अर्धांगवायू दोन तऱ्हेचा असतो: रक्तवाहिनी तुंबून होणारा आणि रक्तवाहिनी फुटून होणारा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. कुठला आहे ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरातली रक्त पातळ करायची गोळीसुद्धा आपल्या मनानं द्यायची नसते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. काही निवडक रुग्णांत मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढता येते, त्याला २४ तासांपर्यंत मुदत मिळते. पण वाट बघण्यासारखं त्यात काही नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. तोंड वाकडं झालं, वर केलेला हात खाली पडला, जीभ जड झाली, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवायची आणि १०८ ला फोन लावायचा. सुई, कांदा हुंगवणं, पारव्याचं रक्त चोळणं यात जातो तो निव्वळ वेळ.

आता सहा महिन्यांचं. यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, हे खरंच. त्या काळात आळस करू नये, हेही खरं. पण वेग कमी होणं वेगळं आणि दार बंद होणं वेगळं. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने होऊन गेलेले २२२ रुग्ण त्यात होते. उपचारातल्या रुग्णांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणी जवळजवळ सगळा वेळ जाड मोजा चढवला, म्हणजे कामं दुबळ्या हातानंच करणं भाग पडावं, आणि जोडीला रोजचा सराव. हात सुधारला आणि वर्षानंतरही ती सुधारणा टिकून होती. मनगट नि बोटं थोडी तरी हलत होती अशांनाच त्यात घेतलं होतं, हेही सांगायला हवं. हा उपाय सगळ्यांना लागू नाही.

दुसरा अभ्यास २०११ चा, ४०८ रुग्णांचा, चालण्याबद्दलचा. त्यात एका गटाचा चालण्याचा खास सराव मुद्दाम सहा महिन्यांनंतर सुरू केला होता. तरीही वर्ष पूर्ण होताना तो गट लवकर सुरुवात केलेल्यांच्या बरोबरीला आला. आमच्यासारख्यांना त्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. अंगाला पट्टे बांधून ट्रेडमिलवर चालवलेले रुग्ण आणि फिजिओथेरपिस्टनं घरी येऊन ताकदीचे नि तोल सांभाळायचे व्यायाम करून घेतलेले रुग्ण, दोघांत फरक पडला नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या महागड्या मशिनी परवडत नाहीत म्हणून आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या किंवा कागलमधल्या माणसानं आशा सोडायचं कारण नाही. घरी येणारा चांगला फिजिओ, भिंतीला धरायला दांडी आणि रोज न चुकता सराव, एवढ्यावर बरंच होतं.

बोलणं तर याहून चिवट आहे. वाचाघात झालेल्या माणसाला वर्षांनंतरही नवे शब्द सापडतात. माझ्या बायकोला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं तेव्हा ती अंबाबाईची आरती मात्र सुरात, शब्दासकट म्हणायची. घरचे घाबरले, काहींना चमत्कार वाटला. स्पीच थेरपिस्टनं समजावलं, की पाठ असलेलं आणि सुरातलं बऱ्याच जणांत शाबूत राहतं आणि तिथूनच पुढचं काम सुरू करता येतं. जिचं हे काम सहा महिन्यांचा हिशेब घालून बंद केलं असतं, ती आज भाजीवाल्याशी घासाघीस करते. शब्द कमी आहेत, पण भाव पाडून घेते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो प्रेमाच्या नावाखाली येतो. ‘काडीही उचलू देऊ नका.’ कागलहून माझी आक्का आली की ताट हातात घेऊन बायकोसमोर बसते. ‘ऱ्हाऊ दे गं, मी भरवते, किती सांडालीयस.’ आक्काचा जीव आहे तिच्यावर, त्यात शंकाच नाही. पण माझी बायको डाव्या हातानं तिचा हात बाजूला सारते, आणि तिचं बरोबर आहे. मेंदूतला जो भाग गेला तो परत येत नाही. शेजारचा नि पलीकडच्या बाजूचा भाग ते काम शिकतो, आणि शिकतो ते केल्यानंच. दुसऱ्यानं भरवलेल्या घासातून हाताला काहीच शिकायला मिळत नाही. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. तालमीत वस्ताद पोराच्या वाटणीचे जोर स्वतः मारत नाही. तो बाजूला उभा राहतो, कुठं चुकतंय ते बघतो आणि पोरगं पडणार असेल तेव्हाच हात घालतो.

मग घरच्यांनी करायचं काय? करता येईल अशी सोय लावायची. ताटलीला उभा काठ हवा, म्हणजे घास ढकलता येतो. ताटलीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे न आवळणाऱ्या मुठीतही राहतो. कपडे घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. एवढं एक कळलं की निम्मी ओढाताण संपते. मटार सोलताना शेंग उजव्या हातानं नुसती दाबून धरायची आणि डाव्यानं फोडायची. पावभर मटाराला पाऊण तास लागतो, लागू दे. त्या पाऊण तासात उजव्या हाताला घरात काम असतं. हात घरात बिनकामाचा झाला की मेंदूही त्याला विसरत जातो.

या ‘करू देऊ नका’च्या पोटात दोन धोके आहेत, ते वेगळे सांगतो. एक, उचलण्याचा. पलंगावरून उठवायला येणारा प्रत्येक जण दुबळा हात धरून ओढतो. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. ओढलं की सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. दुखरा खांदा म्हणजे व्यायाम बंद. हात ओढायचा नाही, पाठीला नि कमरेला आधार द्यायचा आणि उठायचं तिचं तिनं. दुसरा धोका खाण्याचा. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आपल्याकडं डब्यातून पायाचं सूप येतं, पांढरा रस्सा येतो आणि झोपल्या झोपल्या चमच्यानं पाजला जातो. झटक्यानंतर बऱ्याच जणांना नीट गिळता येत नाही, आणि अशा घशाला सगळ्यांत अवघड जातं ते पातळच. ते श्वासनलिकेत उतरतं, कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही, आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. गिळणं तपासून घेतल्याशिवाय तोंडानं काही द्यायचं नाही. दिलं तर सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, आणि सांगितलं असेल तेवढं घट्ट करून. हे आजारपण काढणाऱ्या प्रत्येक घरात घरी सोडण्याआधीच सांगितलं गेलं पाहिजे. आम्हाला ते एका वयस्क सिस्टरनं जिन्यात थांबवून सांगितलं, त्या बाईचे उपकार विसरणार नाही.

आणि ‘करू न देणं’ हातापायापुरतं थांबत नाही. पाहुणे तिच्यासमोर मला विचारतात, ‘वहिनी जेवतात का? झोप लागते का त्यांना?’ तिला विचारा की! तिला शब्द सापडायला वेळ लागतो, अक्कल कमी झालेली नाही. प्रश्न असा विचारायचा की हो-नाहीत उत्तर देता येईल, आणि विचारल्यावर गप्प राहून थांबायचं. तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. भिशीचा हिशेब पूर्वी ती बघायची, आताही तीच बघते. आकडे मी मांडतो, चूक ती दाखवते. बँकेत ती डाव्या हातानं सही करते. सगळं माझ्या हातात घेतलं असतं तर मला एक रुग्ण मिळाला असता आणि बायको गेली असती.

चौथा मुद्दा सावित्रीचा. मनापासून सेवा केली तर उठतोच. म्हणजे नाही उठला तर? मेसेज लिहिणाऱ्यानं ते लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्या बाईला ते बरोबर ऐकू येतं. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम कसे करून घ्यायचे याचं रीतसर शिक्षण दिलं, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. घरच्यांचं प्रेम कमी पडलं असं यातून कुणी म्हणू नये. माणूस किती उठणार हे मेंदूत घाव कुठं नि केवढा झाला, उपचार किती लवकर मिळाले, वय काय, अशा गोष्टींवर ठरतं, आणि शिकलेल्या थेरपिस्टचं काम नवराबायकोच्या खांद्यावर टाकून भागत नाही. आपल्याकडं थेरपिस्ट कमी आहेत म्हणून ‘सेवा करा’ सांगणं सोपं पडतं, एवढंच.

यात एक गोष्ट मला बोललीच पाहिजे. मी पुरुष असून बायकोचं करतो म्हणून गल्लीत लोक मला देवमाणूस म्हणतात. आमच्या मागच्या बोळात एक काकी नवऱ्याचं तेच सगळं करतात, कूस बदलण्यापासून लघवीच्या भांड्यापर्यंत, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. उलट पडून पडून काकांच्या पाठीला जखम झाली तेव्हा चार बायका ‘लक्ष नव्हतं वाटतं’ म्हणून गेल्या. एका बाईनं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, एकटीनं एका दांडग्या पुरुषाची कूस बदलायची, आणि एकदा चुकलं की सावित्री व्हायला कमी पडली. हा मेसेज त्या काकींच्या फोनवरही आलाय. तो ज्यांनी पाठवला त्यांतल्या एकानं तरी जाऊन एक रात्र त्यांना झोपू द्यायचं होतं.

शिवाय ‘उठला’ म्हणजे काय, हेही या मेसेजनं परस्पर ठरवून टाकलंय: पूर्वीसारखा चालायला लागला तर जिंकला, चाकाची खुर्ची आली तर हरला. हे कोल्हापुरात तरी कुणी बोलू नये. तरुणपणीच कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच गावात ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ उभी केली आणि चाकाच्या खुर्चीवर बसून शेकडो माणसांना शिक्षणाला, कामाला लावलं. रंकाळा तलावाला माझी बायको पूर्वीसारखी फेरी मारू शकत नाही. खुर्चीवरून जाते, मध्ये उतरून काठीवर थोडं चालते, परत बसते. लोक ‘अरेरे’ करतात. तिला ती संध्याकाळ हवी असते आणि ती मिळते, त्यात अरेरे करण्यासारखं काही नाही.

पाचव्या मुद्द्याला फार शब्द नकोत. सेवा करणाऱ्याची पाठ गेली, बीपी वाढलं, डोकं फिरलं, की घरात दोन रुग्ण होतात. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, ते औषधानं बरं होतं, पण ओळखायला घरातलं दुसरं माणूस शुद्धीवर पाहिजे. त्या दुसऱ्या माणसालाही नैराश्य येतं. रडू येत असेल, आजाऱ्यावर हात उगारावासा वाटत असेल, तर ते पाप नाही. डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी येणाऱ्यांना माझं मागणं असं. शहाळी आणि मेसेज नकोत. दुपारचे दोन तास द्या. आला की पहिल्यांदा तिच्याशी बोला, गर्दी न करता समोर बसा, आणि व्यायामाची वेळ असेल तर ‘आजच्या दिवस ऱ्हाऊ दे’ म्हणू नका. कुणाला गाडी असेल तर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेऊन आणा. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो दाखला सवलतींसाठी लागतो, एसटीच्या तिकिटालासुद्धा, आणि एका माणसानं खुर्ची नि कागदपत्रं दोन्ही सांभाळत रांगेत उभं राहणं फार जड जातं. आणि मागच्या बोळातल्या काकींकडं आधी जा, माझ्याकडं नंतर आलात तरी चालेल.