‘मन लागत नाही’ हे परदेशी डॉक्टरला कसं सांगायचं?

परदेशी गेलेला माणूस खचला की मायदेशी दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढं चांगलं चाललंय, रडायला काय झालं? दुसरा म्हणतो, आपली माणसं सोडून गेलं की हेच व्हायचं. दोघांनीही त्याच्या स्वभावाचा निवाडा केलेला असतो. झोप किती दिवसांपासून उडाली आहे, एवढं विचारायचं मात्र राहून जातं.

वेळेचा मुद्दा तर वादात येतच नाही. अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ साली एक निरीक्षण मांडलं: पहिले सहा महिने बरे जातात, सहा ते अठरा महिन्यांच्या काळात घसरण होते, मग माणूस सावरतो. हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही, हे पुढच्या संशोधनात दिसलं; अनेकांचे पहिलेच आठवडे सर्वात वाईट जातात. तरी त्यातला एक इशारा खरा आहे. पहिल्या महिन्यात घरचे रोज चौकशी करतात, वर्षभरानंतर ‘आता रुळला असेल’ असं धरून चालतात.

खरी अडचण डॉक्टरसमोर येते. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं भणभणतं’ हे शब्दशः भाषांतरित झालं की हृदयाचा आलेख निघतो, रक्त तपासलं जातं, सगळं नॉर्मल येतं आणि माणूस घरी परततो. तपासण्या वाया जात नाहीत; थायरॉइड बिघडला तरी अशीच लक्षणं दिसतात. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो आपणच कागदावर लिहून न्यावा: त्रास कोणत्या तारखेपासून, रात्री किती तास झोप, वजनात किती फरक, कामाचे किती दिवस बुडाले, दारू किती. ‘मन लागत नाही’ऐवजी ‘तीन आठवडे कशातच रस वाटत नाही’ म्हटलं की डॉक्टरचे कान टवकारतात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली हेच मोजते: मागचे दोन आठवडे, नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर नीट तपासणी हवी. तेवढ्यावर निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी सांगायचं.

दुभाषी म्हणून नवऱ्याला, बायकोला किंवा मुलांना बसवू नये. ज्यांच्यापासून लपवायचं तेच ऐकत असतील, तर नवव्या प्रश्नाला खरं उत्तर कोण देणार?

परदेशातली व्यवस्थाही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आईवडिलांना पैसे पाठवण्याची ओढ म्हणजे ‘मर्यादा न आखणं’, असं समजणारे समुपदेशक भेटतात. अशा वेळी समुपदेशक बदलावा, उपचार सोडू नयेत.

औषधं चालू असताना देश बदलणाऱ्यांनी ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या चिंतेवरच्या औषधांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत, म्हणून नेण्याचे नियम निघण्याआधीच पाहावेत. साठा संपला म्हणून यांची रोजची गोळी एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. नैराश्याच्या गोळ्यांची अडचण वेगळी. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात घरून फोन येतो, ‘फरक नाही ना, मग बंद कर.’