दिवे आम्ही बंद केले नाहीत

नमस्कार ताई,

रविवारी आपण आमचं संग्रहालय पाहायला वाईला आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आपण नंतर इंटरनेटवर जो अभिप्राय लिहिलात, त्याला उत्तर लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. घरातले म्हणाले, सोडून द्या. पण काल एका शाळेच्या सरांचा फोन आला. त्यांची सहल ठरल्यात जमा होती. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "तुमच्याकडे दिवे बंद करून लोकांना बाहेर काढतात म्हणे?" म्हणून लिहायला बसलो.

आपलं वाक्य असं आहे : "आम्ही माडीवर बघत असताना दिवे बंद करून आम्हाला अक्षरशः हाकललं, आणि तेही सहा वाजायच्या आत."

ताई, माडीवर दिवाच नाही. एकसुद्धा नाही. बटण नाही, वायर नाही, होल्डरसुद्धा नाही. वाडा पेशवाईतला आहे. वरचं सगळं काम सागवानी, खांब, तुळया, कडीपाट, सगळं दोन-अडीचशे वर्षं वाळलेलं लाकूड. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हा आग सात दिवस विझत नव्हती असं सांगतात, आणि तो तर पेशव्यांचा. आमच्या गल्लीत अग्निशामक बंब शिरणारसुद्धा नाही. म्हणून वडिलांनी माडीवर वीज चढू दिली नाही आणि मीही दिली नाही. वर जो काही उजेड असतो तो खिडक्यांतून येतो. थंडीच्या दिवसांत पाचगणीच्या बाजूच्या डोंगराआड सूर्य गेला की साडेपाचलाच डोळे ताणावे लागतात. म्हणून बंद व्हायची वेळ साडेपाच. सहा नाही. सहा उन्हाळ्यात. पाटीवर दोन्ही वेळा आहेत, पण पाटी देवडीच्या आतल्या बाजूला आहे आणि खालची ओळ बारीक आहे, हे मान्य.

तिकीट सव्वापाचला बंद होतं. आपलं तिकीट ५ वाजून २२ मिनिटांनी फाडलंय. हे मी अंदाजानं सांगत नाही. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकिटाच्या पाठीवर वेळ घालायची सवय अजून सुटलेली नाही, स्थळप्रत माझ्यासमोर आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, "ताई, वेळ होत आली, सकाळी या." आपण म्हणालात, "काका, पुण्याहून आलोय, पाचच मिनिटं." पुण्याहून आलेल्या माणसाला परत पाठवणं जिवावर येतं. तिथं माझं चुकलं म्हणा हवं तर.

आता झालं काय ते सांगतो. पुतण्या रोज संध्याकाळी माडीवरच्या खिडक्या ओळीनं लावत जातो, नाही तर पारवे आणि वटवाघळं आत शिरतात. त्या दिवशी त्यानं आपण आत असतानाच पहिल्या चार लावल्या. अंधार झाला तो असा. त्यानं आधी आवाज द्यायला हवा होता, त्याला सांगितलंय. पण खिडकी लावणं आणि दिवा बंद करणं यात फरक आहे ताई, निदान लिहिताना तरी करायला हवा होता.

"लहान मुलावर ओरडले" हेही आपण लिहिलंय. आवाज माझा मूळचाच मोठा. बाळ मेण्यात, म्हणजे त्या जुन्या बंद पालखीत, जाऊन बसलं होतं, आणि आपण फोटो काढत होता. त्या मेण्याचा दांडा एका बाजूनं किडीनं पोखरलाय, तो नुसता टेकवून ठेवलाय. पडला असता तर तुम्ही आज वेगळंच काही लिहिलं असतं.

पन्नास रुपयांत "नुसती जुनी भांडी" यावर फार बोलत नाही. फक्त एवढंच की ती भांडी नाहीत, धान्याची मापं आहेत. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी चढत्या क्रमानं ठेवली आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि मग हळूहळू ती माळ्यावर गेली. पूर्ण संच बघायला म्हणून मुद्दाम वाकडी वाट करून लोक येतात. सकाळी आला असतात तर मी हे सगळं उभं राहून सांगितलं असतं, मला तर सांगायला माणूसच हवं असतं.

आणि ती मोठी घंटा "कुठेच दिसली नाही", तर ती इथं नव्हतीच. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी मिळवलेली, १७०७ साल कोरलेली ती घंटा मेणवलीच्या घाटावर आहे. सिनेमात दिसतो तो वाडाही मेणवलीचाच, नाना फडणविसांचा. इथून चार किलोमीटरही नाही. एक तारा कमी करताना तेवढं तरी आमच्या खात्यातून वगळायला हवं होतं.

सूचना मात्र घेतली आहे. वेळेची पाटी बाहेर लावायची, अक्षर मोठं करायचं, माडीसाठी बॅटरीचा कंदील वगैरे काही जमतंय का ते बघायचं, असं चाललंय. पिण्याच्या पाण्याचा माठ देवडीत डाव्या हाताला आहे, तो आजही होता आणि रविवारीही होता.

पुन्हा याल तर तिकीट घेणार नाही. फक्त तीनच्या आत या, सोमवार सोडून. बाळाची निळी टोपी मेण्यात राहिली होती, ती खुंटीवर अडकवून ठेवली आहे.