इयन होमला फक्त बिल्बो म्हणून ओळखू नका

इंग्रज अभिनेता इयन होम म्हटलं की बहुतेकांना 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतला म्हातारा, बुटका हॉबिट बिल्बो बॅगिन्स आठवतो. भूमिका सुंदरच आहे, पण तिच्याआधी या माणसाने पडद्यावर काय काय करून ठेवलंय ते पाहिलं नाही, तर त्याचं खरं कसब नजरेतून सुटतं. माझ्या मते ते कसब दडवण्याचं आहे. पहिल्यांदा पाहताना काही कळत नाही, आणि दुसऱ्यांदा पाहताना कळतं की सगळं सुरुवातीपासून त्याच्या चेहऱ्यावरच होतं.

'एलियन' (१९७९) घ्या. होमने केलेला अंतराळयानावरचा विज्ञान अधिकारी ॲश यंत्रमानव आहे हे आता गुपित राहिलेलं नाही, तेव्हा ते माहीत असूनच पाहा. काचेच्या निरीक्षण कक्षात बसण्याआधी तो जागच्या जागी भराभर पाय हलवतो. माणूस थंडीत करतो तेच, पण जरा जास्तच नेमकं. बाहेरून परतलेल्या सहकाऱ्यांसाठी विलगीकरणाचा नियम सांगत यानावरची अधिकारी रिप्ली दार उघडत नाही आणि हा आतून शांतपणे उघडतो. पुढे ती जाब विचारते तेव्हा त्याचा आवाज किंचितही चढत नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे हसतखिदळत असताना परजीवाच्या तावडीतून नुकत्याच सुटलेल्या केनकडे रोखून पाहणारा तोच. मग रिप्लीला खरं कळतं, आणि त्याच्या कपाळावरून एक पांढरा थेंब ओघळतो. तोवर एकही खूण त्याने ठळक केलेली नाही. एखादी जरी केली असती तर प्रेक्षक सावध झाला असता आणि तो थेंब वाया गेला असता.

ॲशचं डोकं धडावेगळं झाल्यावर तेच बोलू लागतं, तो प्रसंग तर अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी थांबवून थांबवून पाहावा. आधी रबरी डोकं, मग टेबलाच्या भोकातून वर काढलेलं होमचं स्वतःचं डोकं. भोवती दूध, पास्ता, कॅविअर आणि काचेच्या गोट्या. दोन डोक्यांतला फरक दिसतो, जोड लपत नाही. तरी प्रसंग कोसळत नाही, कारण मान, हात, धड काहीच हाताशी नसताना होम फक्त डोळे आणि ओठांवर काम करतो. तुम्ही वाचणार नाही, पण माझी सहानुभूती आहे, असं सांगून तो बारीक हसतो. चित्रपटभरात इतकं मोकळं हसू त्याने दुसरीकडे कुठे वापरलेलं नाही.

हे सगळं नाटकातून आलेल्या नटाने केलं, हे विशेष. नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या 'द होमकमिंग'मधल्या लेनीसाठी त्याला १९६७ साली टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाला होता. १९७६ मध्ये 'द आइसमन कमेथ' या नाटकाच्या वेळी रंगमंचाची धास्ती बसली आणि पुढची बरीच वर्षं तो नाटकापासून जवळपास लांबच राहिला. नाट्यगृहाचं ते मोठं नुकसान होतं, कॅमेऱ्याचा मात्र फायदा झाला.

'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) मधला धावण्याचा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी, पैसे घेऊन शिकवणारा 'व्यावसायिक' म्हणून मैदानाबाहेर ठेवलेला. १९२४ ची पॅरिस ऑलिंपिक, शिष्याची शर्यत, आणि हा हॉटेलच्या खोलीत. निकाल त्याला कळतो तो वर चढणाऱ्या झेंड्यावरून आणि राष्ट्रगीतावरून. तो पलंगावर बसतो आणि आपल्या गवती टोपीतून मूठ आरपार घालतो. एवढंच. याआधी नाणी मांडून धावण्यातली चूक समजावणारा, कोरडा, शिस्तीचा माणूस त्याने उभा केलेला असतो, म्हणून ती मूठ काळजात बसते. या भूमिकेसाठी होमला कान चित्रपट महोत्सवात आणि बाफ्ता या ब्रिटिश पुरस्कारांत सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मात्र 'आर्थर'साठी जॉन गिलगुडला गेलं, आणि गिलगुड 'चॅरियट्स ऑफ फायर'मध्येही होता! मला तो निकाल आजही पटत नाही.



चित्रपटातली प्रमुख भूमिका मात्र फार उशिरा आली. ॲटम इगोयानचा 'द स्वीट हिअरआफ्टर' (१९९७), त्यात मुलांच्या बसच्या अपघातानंतर गावात खटले गोळा करत फिरणारा वकील. विमानात शेजारच्या प्रवाशाला तो जुनी गोष्ट सांगतो: लहानग्या मुलीला विषारी कोळ्याचा दंश, गाडीतून दवाखान्याकडे धाव, ती मांडीवर, तो तिला गाणं म्हणतोय आणि हातात चाकू तयार, गळा सुजून श्वास अडकलाच तर कापायला. इथे रडणं सोपं होतं. होम ती हकिगत जवळजवळ साक्षीदारासारखी सांगतो, त्यामुळे बाप म्हणून तो आतून किती उद्ध्वस्त आहे हे आपल्याला स्वतःलाच शोधावं लागतं.

आता परत बिल्बोकडे या. याच कथेच्या १९८१ च्या बीबीसी रेडिओ मालिकेत तो बिल्बोचा तरुण वारस फ्रोडो होता, वीस वर्षांनी चित्रपटात बिल्बो झाला. बॅग एंड या बिल्बोच्या घरातल्या काही दृश्यांत उंचीचा फरक दाखवायला, उंच जादूगार गँडाल्फ झालेल्या इयन मॅकेलनला कॅमेऱ्याजवळ आणि होमला मागे बसवलेलं आहे. अशा रचनेत समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सोय नसते, रिकाम्या जागेकडे पाहून बोलावं लागतं. तरीही त्या मैत्रीत कुठे फट दिसत नाही. आणि रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीत, एके काळी त्याच्याकडे असलेली मोह घालणारी जादूची अंगठी फ्रोडोकडे दिसताच त्याचा चेहरा क्षणभर विद्रूप होतो, त्यात तांत्रिक करामत आहे. मी म्हणेन, तिथे न थांबता पुढचे काही क्षण पाहा. आपण काय केलं हे कळून तो कोलमडतो आणि रडू लागतो. त्यात करामत कसलीच नाही.